अडतीस जणांचा एकच नंबर

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले केंद्रप्रमुख साहेब, आणि समोर बसलेल्या विद्यार्थी मंडळींनो,

आज चौदा मार्च. सकाळी अकराला कार्यक्रम सुरू झाला, स्वागत झालं, दोघं बोलले. तिसरा मी. तसा मी इथला कोणी नाही. माझी पत्नी तुमच्याबरोबर दूरशिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाला होती. नोव्हेंबरात ती गेली.

साहेबांबद्दल चांगलंच बोलायचं आहे. माणूस सरळ. पण त्यांच्या कपाटातलं ते मानचिन्ह पाहिलं की माझं डोकं फिरतं. 'डिजिटल साक्षरतेत प्रथम केंद्र'! मोजलं कसं? फोनवर प्रश्नावली आली. मेल पाठवता येतो का? अर्ज भरता येतो का? अडतीस जणांची सगळी उत्तरं 'हो'. भरली कोणी? हिनं. आमच्या स्वयंपाकघरात, एका बैठकीत, डाळ करपेपर्यंत. मी म्हटलं, "अगं, त्यांना विचार तरी." तर म्हणे, "विचारलं तर खरं सांगतील. मग केंद्राची शोभा होईल, ती कोण निस्तरणार?"

झालं! सगळे साक्षर ठरले, म्हणून संगणकाचा सराववर्ग बंद. आणि प्रवेशअर्जही हिनंच भरून दिलेले, त्यामुळे अडतीसही जणांच्या अर्जावर मोबाइल नंबर हिचाच.

परीक्षेचे अर्ज सुरू झाल्यापासून तो फोन माझ्या खिशात वाजतोय. "काका, ओटीपी आला का?" आला. चष्मा शोधून वाचेपर्यंत त्याची मुदत संपते. "काका, जरा चटचट सांगा हो!" एक ताई तर म्हणाल्या, "काकूंकडे द्या ना, त्या पटकन सांगतात."

साहेबांकडे गेलो. म्हटलं, नंबर बंद करायचाय. ते म्हणाले, "भाऊसाहेब, नंबर बदलायचा तरी ओटीपी जुन्याच नंबरवर येतो. आत्ता बंद केलात तर अडतीस जण परीक्षेला मुकतील." म्हणजे गेलेल्या माणसालाही सुटी नाही!

अर्जाची शेवटची तारीख वीस. तेव्हा साहेब, जाता जाता एवढं करा, ती संगणकखोली आज उघडा. ज्यांना येत नाही त्यांनी लाज न बाळगता यावं, आपला नंबर आपल्या हातानं घालावा. ओटीपी मी सांगेन, अडतीस वेळा सांगेन. मग मला तो फोन बंद करू द्या.

साहेबांनी किल्ली टेबलावर ठेवली आहे. आभारी आहे. निरोपाच्या दिवशी वाकडं बोललो, ते पोटात घाला. चारचौघांत बोलायची मला सवय नाही, आमच्याकडे ते खातं तिचं होतं.

तुमचा चहा होऊ द्या सावकाश. मी पुढे होऊन कुलूप काढतो आणि फोन चार्जिंगला लावून बसतो.