मधला पट्टा

कानाच्या दवाखान्यात माझ्या पुढच्या बाकावर आजी बसल्या होत्या. आजोबा तपासणी करून बाहेर आले.

“काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?”

“बारीक, उंच आवाज गेले. खर्जातलेही गेले. मधला पट्टा तेवढा शाबूत आहे.”

“अगंबाई! मग माझं बोलणं?”

“येतं की. लग्नाआधी फोनवर यायचं, अगदी तसंच.”

“तसं म्हणजे?”

“फोनची लाइन मधलेच आवाज पुढे सोडायची गं. वरचे, खालचे गाळून टाकायची. टेलिफोन खात्यात जन्मभर मी तेच फिल्टर तर बसवले.”

“म्हणून पहिल्या भेटीत तुमचा भारदस्त आवाज ऐकून मी दचकले! वाटलं, दुसराच कोणी आलाय.”

“मला कानाचं मशीन नको. असंच गोड वाटतंय.”

“आणि नात हाक मारते ती?”

“तिचे नुसते ओठ हलताना दिसतात.”

“अहो, रडते ती. म्हणते, आजोबा माझ्याशी बोलतच नाहीत.”

“मग लावतो. पण आत जायच्या आधी थोडं बोल.”

“काय बोलू?”

“तेव्हा काय बोलायचीस?”

“निम्मा वेळ गप्पच असायचो की दोघं.”

मशीनसाठी त्यांचा नंबर पुकारला. दोघांपैकी कोणीच उठलं नाही.