तारखेची बाजू

औषधाच्या दुकानाबाहेरच्या बाकावर नंबर यायची वाट बघत बसलो होतो. शेजारी मायलेकी होत्या. मुलीच्या मांडीवर लॅपटॉप, आईच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी.

“हे बघ आई, उरलेली औषधं दान करायची असली की माझ्या या साइटवर फोटो टाकायचा. पाकिटावरची मुदत संपायची तारीख दिसली तरच पुढचं पान उघडतं.”

“मग या तुझ्या बाबांच्या टाक पहिल्या. ते गेल्यापासून पडून आहेत.”

“यांच्यावर तारीखच नाही. तू सगळ्या सुट्ट्या कापून ठेवल्यास.”

“त्यांना दिसायचं कुठे? सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी, अशी मी कापून द्यायचे.”

“तारखेचं टोक पहिल्याच गोळीबरोबर गेलं.”

“चांगल्या आहेत गं. घरच्या तरी घे.”

“नाही. तुझ्या घेतल्या तर उद्या कोणाला नाही म्हणू?”

“बापावर गेलीस अगदी. बरं, मग पहिल्याच पानावर लिही, तारखेची बाजू शेवटी कापा.”

“लोक त्या पानावर येतात तेव्हा सगळं कापून झालेलं असतं, आई.”

“मग इथे दुकानात पाटी लाव. गोळ्या घेतानाच कळू दे. थांब, मीच विचारते.”

आईचा नंबर आला. खिडकीपाशी बोलून, आपल्या गोळ्या घेऊन ती परतली.

“लावतो म्हणाला. आणि या माझ्या. तारखेकडून कापणार नाही, म्हणजे उरल्या तर तुला घेता येतील.”

“उरणार नाहीत. सगळ्या संपवायच्यात तुला.”

“संपवीन गं. तू पाटी लिहायला घे.”