रविवारची किक

बायको : दोन खोल्या, मोरी, मागचा व्हरांडा, आणि नळ घरात. अकरा वर्षं. भाडं काय, तर रविवारी सकाळी भाऊजींच्या गाडीला एक किक! अहो, असा सौदा जगात कुणाला मिळालाय? आणि तेवढी एक किक तुमच्या पायाला जड झाली.

बारक्या : आता त्याचं काय? माझे हात तेलात आहेत. घड्याळ बघ आधी.

बायको : सव्वानऊ. भाऊजींची बस अकराला लागते. स्टँडवरून इथं पायी वीस मिनिटं.

बारक्या : दादा पायी यायचा नाही. गाडीसाठी धावत येईल.

बायको : आणि येऊन काय बघेल?

बारक्या : काय बघेल म्हणजे? पंधरा दिवसांपूर्वी सीटमध्ये उंदरांचं बाळंतपण झालं होतं. आता टाकीत तोंड दिसतंय. बघ, तुझंच बघ.

बायको : माझं तोंड मला माहितेय. तेच म्हणते मी, फार चकचकीत झाली. दर रविवारी चालू केलेल्या गाडीच्या सायलेन्सरला काजळी असते. हा बघा, दुकानात टांगल्यासारखा दिसतोय. भाऊजी भोळे आहेत, आंधळे नाहीत. सरका जरा.

बारक्या : हे काय आणलंस?

बायको : पातेल्याच्या बुडाची काजळी. टोकाला आतून लावते, बोटभर.

बारक्या : पंधरा दिवस घासली ती काळी करायला?

बायको : गिऱ्हाइकाचा कपडा इस्त्रीनं जळला तर मी नवा तुकडा लावते आणि तो चहात बुडवते. का? शेजारच्या कापडाशी मेळ बसायला हवा. अकरा वर्षं तुम्ही मेळ न बसवता बोललात, आता मला बुडवायला लागतंय.

बारक्या : टोमणे उद्या मार. उद्या घर असलं तर.

बायको : पत्रात नक्की काय लिहिलंय, परत सांगा.

बारक्या : ‘शनिवारी येतो. गाडी घेऊन जातो. खोल्यांचं काय ते कायमचं ठरवू.’

बायको : आणि अकरा वर्षांपूर्वी जाताना काय म्हणाले होते?

बारक्या : ‘गाडी चालू आहे तोवर खोल्या तुझ्या.’ किती वेळा ऐकशील?

बायको : तुमच्या कानात शिरेपर्यंत. भिंतीवर माझ्या एकोणीस गिऱ्हाइकांची मापं लिहिलीत. भिंत उचलून नेता येत नाही.

बारक्या : जायची वेळ येणार नाही. जाम झालेलं इंजिन सुटलं की नाही? पिस्टन साफ केला, रिंगा नव्या घातल्या, रात्री ब्लॉक बसला, हेड बसलं. पेट्रोल घातलंय. आता नुसती किक मारायची. लागली की आपण राजे.

बायको : मग मारा.

बारक्या : श्वास तर घेऊ दे. हातानं फिरवून बघितली, जरा जड जातेय. नव्या रिंगांमुळे असेल.

बायको : थांबा, ही फडकी आधी उचलते. त्यांना दिसली तर म्हणतील, आज कसली साफसफाई? ही डावी बाही. ही उजवी. पाठ, पाठीचा दुसरा तुकडा. कॉलर. डावी छाती... अहो, उजवी छाती कुठंय?

बारक्या : कुणाची?

बायको : तुमच्या चौकड्याच्या शर्टाची! त्याचीच फडकी केली ना मी. सात तुकडे कापले होते. हे सहाच आहेत.

बारक्या : असेल मोरीत.

बायको : मोरीत नाही. कापड माझ्या हातून हरवत नाही, अहो. वीस वर्षांत एक तुकडा हरवला नाही. तो मी... थांबा. तो मी परवा इंजिनाच्या तोंडात कोंबला होता.

बारक्या : कसल्या तोंडात?

बायको : तुम्ही ब्लॉक काढलात, खाली भलंमोठं भोक उघडं पडलं. आत नट पडेल म्हणून मी त्यात फडकं घातलं. तुम्ही पाना मागायला गेला होतात.

बारक्या : आणि मला सांगितलं नाहीस?

बायको : तुम्हाला डोळे नव्हते? ब्लॉक बसवताना वाकून कोण बघत होतं?

बारक्या : मी रिंगा बघत होतो! एक जरी अडकली असती तर मोडली असती. ब्लॉक तू धरला होतास, तुझ्या नाकासमोर होतं सगळं!

बायको : मी तुमची बोटं बघत होते. चेमटली असती तर?

बारक्या : म्हणून जड जातेय. देवा. म्हणून जड जातेय.

बायको : किक मारली तर काय होईल?

बारक्या : फडकं आत गुंडाळलं जाईल. मग पिस्टनचा दांडा वाकेल, नाहीतर आणखी काही मोडेल. जे मोडेल ते ह्या गाडीचं आता कुठंच बनत नाही.

बायको : मग परत खोला. दीड तास आहे.

बारक्या : आणि बंद कशानं करू? हेडखालची ती पातळ चकती, गॅस्केट, एकदा दाबली की गेली. एकच होती. पोस्टानं यायला बारा दिवस लागले. तूच दारात उभी राहून रोज पोस्टमनला शिव्या द्यायचीस.

बायको : बरं. रडू नका. ऐका. किक तुम्ही मारायची नाही.

बारक्या : मग?

बायको : भाऊजी आल्या आल्या तिच्यावर बसणार. बसू द्या. मारू द्या. त्यांच्या पायाखाली मोडली, तर मोडली कुणी?

बारक्या : अगं!

बायको : तुम्ही म्हणायचं, ‘दादा, गेल्या रविवारी तर पहिल्या किकला लागली होती. तुझी सवय गेली.’ बस्स. पुढं एक शब्द नाही.

बारक्या : तो रडेल. त्याच्या पहिल्या पगाराची गाडी आहे ती.

बायको : रडू दे. रडणारा माणूस दुसऱ्याला घराबाहेर काढत नाही, त्याला वेळ नसतो. आणि आपण कुठं जायचं, सांगा. बाइंडिंगच्या कारखान्यात तुमचा मालक कागदाच्या गठ्ठ्यांवर झोपू देईल? मी मशीन घेऊन कुठल्या जिन्याखाली बसू?

बारक्या : माझ्याच्यानं होणार नाही.

बायको : तुम्हाला काही करायचंच नाहीये. अकरा वर्षं जे केलंत तेच करायचं. काही नाही.

(दारावर थाप पडते.)

दादा : बारक्या! अरे उघड. आधीची बस मिळाली.

बायको : हात पुसा. हसा. मी उघडते. या भाऊजी! किती वाळलात हो.

दादा : तू आहेस तशीच आहेस. हा का असा उभाय? पाया पडायचं राहू दे, बाजूला हो. बघू दे. ...अरे.

बारक्या : दादा, पाणी तरी घे.

दादा : थांब रे. सीट नवी?

बायको : जुनं कव्हर विरलं होतं. मीच शिवलं.

दादा : टाके सरळ आहेत. कंपनीचे इतके सरळ नव्हते. आणि ही काजळी बघ. कोरडी, काळी. बारक्या, पेट्रोल-हवेचं माप बरोबर लावलंयस. मला वाटलं नव्हतं तुला जमेल.

बारक्या : हं.

दादा : तिथं सगळ्यांना सांगायचो. माझा भाऊ बावळट आहे, पण रविवार चुकवत नाही.

बायको : बसा की भाऊजी. तिकडचं काय?

दादा : तिकडचं संपलं. कारखान्याला कुलूप लागलं. चार महिने झाले. म्हणून तर आलो. घाटापलीकडे दगडाची खाण आहे, तिथं मुकादमाची जागा मिळालीय. परवा सोमवारी, सकाळी सातला हजर व्हायचं. बस जात नाही तिकडे. त्यांनी एकच विचारलं, स्वतःची गाडी आहे का? म्हटलं, आहे, अकरा वर्षांत एक रविवार बंद नाही.

बारक्या : सोमवारी?

दादा : राहायला खोली ते देतात. म्हणजे ह्या दोन मला नकोत. कागद करून आणलाय, तुमच्या नावानं. सही राहिलीय, ती इथंच करीन म्हटलं. आधी हिचा आवाज ऐकू दे. सरक.

बायको : सरका ना अहो. बसू द्या त्यांना.

दादा : चावी... हां. पाय बसतो अजून. बघ, विसरलेला नाही पाय.

बारक्या : दादा.

दादा : काय?

बारक्या : पाय काढ.

बायको : अहो, मारू द्या ना त्यांना!

बारक्या : किकवरचा पाय काढ, दादा. आत शर्ट आहे.

दादा : कसला शर्ट?

बारक्या : माझा. चौकड्याचा. उजवी बाजू.

दादा : गेल्या रविवारी चालवलेल्या गाडीच्या पोटात शर्ट जाईल कसा?

बारक्या : गेल्या रविवारी नाही चालवली.

दादा : मग कधी?

बारक्या : पहिले सहा महिने मारली. शपथ. मग एकदा पाय मुरगळला होता, म्हणून नाही मारली. तेवढ्यात तुझा रविवारचा फोन आला. बाहेर पेपरवाल्याची गाडी चालू होती. तू म्हणालास, ‘वा, काय ठोका पडतोय! आता आठवडा बरा जाईल.’ मी सांगणारच होतो. पण तू इतका खूश झालास, की... पुढच्या रविवारी मी फोनच खिडकीबाहेर धरला.

दादा : पेपरवाल्याची.

बारक्या : तो गाडी चालूच ठेवून तीन मजले चढतो. आठला येतो. तूही आठलाच फोन करायचास.

दादा : मधे एक महिना आवाज बारीक होता. मी विचारलं होतं.

बारक्या : त्याला कावीळ झाली होती.

दादा : तू म्हणालास, तेल बदललं. मग ते काय होतं?

बारक्या : ते असंच. काहीतरी.

दादा : खोलून शर्ट काढायला किती वेळ?

बारक्या : दोन तास. पण गॅस्केट नाही. बारा दिवस.

दादा : आणि सोमवार परवा.

बारक्या : मी खाणीवर येतो तुझ्याबरोबर, सांगतो त्यांना—

दादा : तू सांगणार? तू?

बायको : भाऊजी, बसा तरी. उभ्यानं काही ठरवू नका.

दादा : ठरवायला काय उरलंय? गाडी नाही म्हणजे खाण नाही. खाण नाही म्हणजे तिथली खोली नाही. ही ट्रंक घेऊन मी स्टँडवर झोपू? मला ह्या खोल्या लागतील.

बायको : तिघं राहू. व्हरांड्याला आडोसा करून आम्ही तिकडं सरकतो. तुम्ही आतली घ्या.

दादा : ह्याच्याबरोबर? मी सकाळी विचारीन, पाऊस आहे का रे. हा म्हणेल, नाही. मग मला उठून खिडकीत जाऊन बघावं लागेल. रोज. ह्या वयात मला रोज खिडकीत जायचं नाही.

बारक्या : दादा, मी आता खरं सांगितलं ना? नसतं सांगितलं तर तू कागदावर सही केली असतीस?

दादा : किक मारून आधी रडलो असतो. मग केली असती बहुतेक. दुसरं काय करणार होतो?

बायको : ऐकलंत? ऐकलंत ना?

दादा : अगं, तुझ्यावर राग नाही. पुढची खोली तू ठेव. दिवसा येऊन शिव. तुझी गिऱ्हाइकं तुटायला नकोत. तू कधी फोनवर नव्हतीस, तुझा ह्यात हात नाही.

बारक्या : हो, तिचा नाही. अजिबात नाही.

बायको : थांबा, भाऊजी.

दादा : काय झालं?

बायको : तो महिनाभराचा बारीक आवाज शिलाई मशीनचा होता, भाऊजी. हे फोन धरायचे. पाय मी मारायचे.

बारक्या : कशाला बोललीस! देत होता ना खोली!

बायको : रोज त्यांच्या समोर बसून ते मशीन चालवायचं होतं मला. जमलं नसतं.

दादा : त्या महिन्यात मी सगळ्यांना सांगितलं होतं. गाडी रेशमासारखी चालतेय.

बायको : तेल मी रोज घालते मशीनला.

दादा : महिनाअखेरीला किल्ली द्या.

बारक्या : दादा, जायचं कुठं आम्ही?

दादा : मी सोमवारी कुठं जायचं, ते तू मला सांगितलंस का? तो पेपरवाला अजून येतो?

बारक्या : येतो. उद्यासुद्धा येईल.

दादा : त्याला काय सांगितलं होतंस? दर रविवारी एक माणूस त्याच्या गाडीसमोर फोन धरतो, त्यानं विचारलं नाही?

बारक्या : त्याला वाटतं, मला तिचा आवाज आवडतो. म्हणून आधी कोपऱ्यावर लावायचा, तो आता मुद्दाम आपल्या खिडकीखाली लावतो. पेपर टाकून झाले तरी दोन मिनिटं थांबतो, गाडी चालू ठेवून.

दादा : त्याच्या पेट्रोलवर?

बारक्या : त्याच्याच.

दादा : म्हणजे ह्या घराचं भाडं त्यानं भरलं. तुम्ही नुसते राहिलात.