दामूदादांनी हात दाखवला होता

शेवंतावहिनी, रेल्वेतले माझे सोबती, झोटवाड्याहून आलेली मंडळी, सगळे जमलात. दामूदादांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिलोय. रडू मागं राहिलंय, राग पुढं आलाय.

आपले दामूदादा वानखेडे खातीपुरा स्टेशनवर गाड्यांचे रूळ बदलणारे सांधेवाले होते. गुरुवारी सकाळी ड्युटी संपवून आम्ही दोघं सायकलीवर घरी निघालो. ते पुढं, मी मागं. दूध घ्यायला उजवीकडं वळायचं होतं. दादांनी हात बाहेर काढला. सरळ, खांद्याच्या रेषेत. आणि वळले.

किती वेळा म्हटलं असेल मी, "दादा, हात दाखवल्यावर जरा थांबा. मागचा थांबतोय का बघा." ते हसायचे. "अरे गणपत, सिग्नल दिला की लाइन आपली." सगळा जन्म रेल्वेत गेलेला माणूस! सिग्नल दिसूनही कोणी गाडी दामटेल, हे त्यांच्या डोक्यातच शिरायचं नाही.

मागून पांढरी मोटार आली. हॉर्न वाजवला की रस्ता आपल्या बापाचा, असं ती चालवणाऱ्या शेठला वाटतं. ब्रेक लावलाच नाही. वळणाऱ्या सायकलच्या उजवीकडूनच गाडी पुढं काढायला गेला. मी ओरडलो. त्या हॉर्नपुढं माझा आवाज कुणाला ऐकू जाणार? गाडीनं दादांना उडवलं, ते जागीच गेले.

आता तो पोलिसांना सांगतो, सायकलवाला अचानक आडवा आला. अचानक? दादांनी हात दाखवला होता! या डोळ्यांनी बघितलंय मी. दादांनी हात दाखवला होता!

काल जवाहर नगरहून त्याचा मुनीम माझ्या दारात आला. म्हणाला, "जाने वाला तो गया, भाईसाहब। आप बस इतना कहिए कि कुछ देखा नहीं। आपके भी बाल-बच्चे हैं।" आहेत ना! आणि ही समोर बसलेली लेकरं कोणाची? हाकललं मेल्याला.

वहिनी, तुम्ही म्हणालात, "जाऊ द्या भाऊजी, मोठ्या लोकांशी वैर नको." पाया पडतो तुमच्या, हे सांगू नका. मला वैर हवंय. त्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावीन. प्रत्येक तारखेला त्याच्यासमोर उभा राहीन. तो गजाआड जाईपर्यंत मला चैन पडणार नाही.

तो मुनीम आत्ता दारापाशी उभा आहे. राहू द्या. अरे, मराठी कळत नसेल तर ऐक: जाकर बोल दे सेठ को, मैंने देखा है!

चला, सगळे उभे राहू या. दादांसाठी थोडा वेळ गप्प राहू. मी गप्प राहणार आहे तो एवढाच.