नावं जायची जागा

(१९९९. मालू डोंबिवलीच्या प्रसूतिगृहात संगणकासमोर, फोन कानाला. पलीकडे ठाण्याच्या ऑफिसात लिओ, आणि घरोघरी जाऊन बाळंतिणींना तपासणाऱ्या डॉरिस सिस्टर.)

लिओ : नवा प्रोग्राम बसवला तेव्हाच मी बोललेलो ना, 'कनेक्शन सक्सेसफुल' दिसलं म्हणून उड्या मारू नकोस? एक तरी नाव इकडे पोचलं का, ते आधी मला विचार म्हणून?

मालू : आणि मी काय म्हटलं? "लिओ, तू चहासुद्धा पावती घेऊन पितोस." वर हसले. आता काय झालं ते सांग.

लिओ : सोमवारपासून घरी सोडलेल्या एकाही बाळंतिणीचं नाव तुझ्याकडून नाही. सिस्टर विचारतायत, डोंबिवलीत बायका बाळंत व्हायच्या थांबल्या काय?

मालू : अरे, इथे वॉर्डात पाय ठेवायला जागा नाही! रोज संध्याकाळी पाठवते. मशीन रोज 'सक्सेसफुल' म्हणतं.

लिओ : पाठवतेस कुठे? नावं जायची जागा म्हणून काय टाकलंयस, वाच.

मालू : थांब हं... सर्व्हर... अगं बाई.

लिओ : काय?

मालू : 'लोकल'. म्हणजे हेच मशीन. त्या चौकटीत आधीपासून तेच होतं, मी बदललंच नाही. इथल्या जुन्या प्रोग्राममधून नावं उचलायची आणि इथेच दुसऱ्या कप्प्यात ठेवायची! आरशासमोर उभी राहून "ओळखलंत का?" विचारतेय, आणि आरसा रोज "हो हो" म्हणतोय.

लिओ : मग सक्सेसफुलच की.

मालू : हस, हस. घरी माझ्या पिल्लूचं दूध मनगटावर थेंब टाकल्याशिवाय देत नाही. गॅस बंद केलाय का बघायला अर्ध्या जिन्यातून परत येते. शेजारच्या केशरबाई म्हणतात, त्या गॅसलाच आता कंटाळा आला असेल. आणि इथे या बी.एस्सी. बाईंनी, म्हणजे मी, एकदा वाकून बघितलं नाही.

लिओ : बरं, सर्व्हरच्या जागी आमच्या मशीनचं नाव टाक. खाली डेटाबेस निवड. सरावाचा नाही हां, खरा.

मालू : टाकला. युजर, पासवर्ड... 'कनेक्शन सक्सेसफुल'. याच्यावर आता माझा काडीचा विश्वास नाही.

लिओ : शिकलीस. सोमवारपासूनची सगळी पाठव.

मालू : गेली. तू स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मला वाचून दाखव.

लिओ : आली, आली. कांता, आंबिवली. लक्ष्मी, कोपरी. शेवंती, दिवा... हिच्यापुढे 'तातडी' लिहिलंयस?

मालू : शेवंती? ती मंगळवारी घरी गेली. बाळ फार हलकं होतं, दूध नीट ओढत नव्हतं. उद्या सिस्टर येतील, असं मीच सांगितलं तिला. आज शुक्रवार, लिओ.

डॉरिस : मालू, मी डॉरिस बोलतेय. तिच्या घरी फोन आहे?

मालू : नाही हो. शेजारीपण कुणाकडे नाही. दुसऱ्या डॉक्टरकडेही गेली नसेल ती. मीच सांगितलं ना, येतील म्हणून.

डॉरिस : निघाले मी, बाळा. कोपरीचं काम ऑफिसच्या जवळच आहे, ते उरकते आणि...

मालू : कोपरी नंतर, सिस्टर. बाळ रडताना बाहेरूनच ऐकू आलं तर बरंच आहे. नाही आलं तर... तुम्ही आधी शेवंतीकडे बघून या ना.