चार बोल्टचं काम

...आणि वर मलाच म्हणतो, "साहेब, तुम्ही फार टेन्शन घेता!" घेऊ नको तर काय करू? माझ्या सासऱ्यांची गाडी महिनाभर याच्या गॅरेजात पोट फाडून पडलेली, आणि हा मेकॅनिक तिच्याच बॉनेटवर डबा उघडून जेवतोय!

तुम्हाला सांगतो, ही गाडी माझ्या बायकोपेक्षा वयाने मोठी आणि घरात मान माझ्यापेक्षा जास्त. ऑटोमॅटिक! "जावईबापू, आमच्याकडे गिअर टाकावे लागत नाहीत, आपोआप पडतात." पडतात कसले, आदळतात! पहिल्यावरून दुसऱ्यावर जाताना असा दणका, की मागच्याचं कपाळ पुढच्या सीटवर. तेही चाललं असतं हो, पण सासूबाईंची बहीण राहते टेकडीवर. गेल्या खेपेला भर चढावर इंजिन बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना! सासूबाई उतरल्या. "या डब्यात पुन्हा पाय ठेवणार नाही!" झालं. सासऱ्यांचं जेवण सुटलं. दुसरी गाडी घेऊ म्हटलं, तर सासरे म्हणे ती गाडीच नव्हे! बायकोने माझ्याकडे नुसतं बघितलं.

म्हणून या महात्म्याकडे गेलो. "जुना गिअरबॉक्स काढू, नवा टाकू. काही नाही हो साहेब, चार बोल्टचं काम आहे!"

नवा आला तो जुन्यापेक्षा वीतभर लांब. बसेना! मग गाडीचा तळ कापला... "चार बोल्टचं काम!" मग मागच्या चाकांकडे जाणारा दांडा कापून आखूड केला... "चार बोल्टचं काम!" शेजारी आमचा मेव्हणा, ज्याने जन्मात पंक्चर काढलं नाही, तो मोबाईलवर व्हिडिओ बघत, "भावजी, मी असतो ना, तर..." अरे, होतास की! माझ्याच पैशांची बिस्किटं खात समोर उभा होतास!

शेवटी गाडी सुरू केली. गिअरचा काटा दाखवतोय न्यूट्रल, आणि गाडी सुटली मागे, ती थेट या मेकॅनिकच्या मोटरसायकलवर! महिन्याभरात तेवढाच काय तो आनंद. पण हा ढिम्म. "काटा चुकलाय साहेब. चार बोल्ट..."

असो. झाली एकदाची. सासूबाईंच्या हातापाया पडून त्यांना पुढे बसवलं, सासरे स्टिअरिंगवर, मी मागे. काय गाडी चालली म्हणता! लोण्यातून सुरी! दणका नाही, हिसका नाही, चढ कधी संपला कळलंसुद्धा नाही. मी आपला कौतुकाची वाट बघतोय... आणि सासऱ्यांचा चेहरा पडलेला.

"बिघडवलीत गाडी, जावईबापू."

"अहो, काय बिघडलं?"

त्यांनी शेजारी बोट दाखवलं. सासूबाई तोंड उघडं टाकून घोरत होत्या.

"इतकी वर्षं दणका बसला की ही म्हणायची, 'अहो, हळू!' मी म्हणायचो, 'मग तूच चालव!' तिथून जे भांडण रंगायचं, ते थेट हिच्या बहिणीच्या दारापर्यंत. आता मी बोलू कुणाशी?" डोळ्यांत पाणी हो म्हाताऱ्याच्या! "मला दणका परत बसवून द्या."

गेलो पुन्हा गॅरेजात. नाक मुठीत धरून. मीच म्हटलं, "दणका बसवायचाय. चार बोल्टचं काम असेल ना?"

तर हा शहाणा मान हलवतो. "छे हो साहेब! दणका म्हणजे अख्खा गिअरबॉक्स खोलावा लागेल."

उद्यापासून मीही डबा घेऊन जातोय. बॉनेट चांगलं रुंद आहे, दोघं आरामात मावतो.