टेप धरून उभा असलेला माणूस

नको, खुर्ची नको बाई, मी उभाच बरा, एकदा बसलो की उठवायला दोन माणसं लागतात. तर काय सांगत होतो — उत्तरात ते पंचेचाळीस नातीनंच लिहिलं होतं. स्वतःच्या अकलेनं. ते पुसून बहात्तर केलं, ते मी. हो, मीच. तुम्ही प्रयोगात तिला भोपळा दिलात ना, तो माझा आहे, माझ्या नावावर मांडा. या एका प्रयोगापायी पोरीची विज्ञानाची शाखा हुकणार म्हणे.

आता झालं कसं — कम्प्युटरवर तुमची ती तोफ. खरी नव्हे, चित्रातली. नळी वर-खाली करायची, जोर कमी-जास्त करायचा, बटण दाबलं की गोळा सुटतो आणि मागं ठिपक्याठिपक्यांची कमान राहते. झकास! मी चाळीस वर्षं बांधकामावर विटा वर फेकल्या, बाई. मी खाली, माझा जोडीदार लंबू वर फळीवर. वीट वर पोचते ना, तेव्हा ती दमलेली पाहिजे. अगदी टेकायला आलेली. मग झेलणाऱ्यानं नुसते हात पुढं करायचे, ती आपली येऊन बसते. जरा आडवी गेली, की अंगात जोर शिल्लक राहतो — आणि मग लंबूचे पुढचे दोन दात... जाऊ द्या. एकदाच झालं. घाई माझी होती. तो हसायचा त्यावर, म्हणायचा, आता शीळ चांगली वाजते.

तर नात गेली आंघोळीला, मी तिच्या खुर्चीत. समोर उंच कट्ट्यावर एक बारका माणूस उभा, हातात टेप धरून. अंतर मोजायला? अहो, हे आत्ता सांगताय! मला वाटलं झेलायला उभा आहे. पोरीनं लावलेली नळी तशीच ठेवून बटण दाबलं — गोळा थेट त्याच्या तोंडावर. पुन्हा दाबलं, पुन्हा तोंडावर. आणि तो हसतोय! मग नळी चढवली, जोर उतरवला — साठला डोक्यावरून गेला, सत्तरला गुडघ्याशी आला, सगळं पुन्हा जुळवलं आणि बहात्तरला, काय सांगू, छातीपाशी येऊन असा अलगद थांबला! खाली तक्त्यात पंचेचाळीस दिसलं. म्हटलं, ही पोर माणूस मारणार. एका बोटानं पुसलं. ती आली, उशीर झाला म्हणत न बघताच पाठवून मोकळी झाली.

प्रश्न? होता ना वर, चांगला दोन ओळींचा. गोळा सगळ्यात लांब कुठल्या कोनातून जातो, असं होतं होय त्यात. काय झालं, चष्मा नव्हता — नाही, चष्मा होता. खोटं कशाला बोलू. आकडे येतात मला, बाई. अक्षरांचं तेवढं राहून गेलं. नातीला बोलू नका हं. मी रोज सकाळी पेपर वाचतो असं तिला वाटतं. मी नुसता धरतो. फोटो बघून सुलटा करून घेतो.

ती काय म्हणाली तुम्हाला? 'प्रश्न वाचायला मी चुकले'? असंच म्हणाली? माझं नाव नाही घेतलं?

ती वाचायला चुकत नाही हो कधी... म्हणजे माझं तिला ठाऊक आहे? म्हणूनच रोज चहाच्या वेळी पेपर माझ्या हातातून ओढून घेते आणि मोठ्यानं वाचत बसते. 'आजोबा, तुमचे डोळे दमले असतील.' मला वाटायचं, बडबडी आहे.

हं.

पुन्हा करायला देता? उद्या, तुमच्यासमोर? एकटीला — बरोबर, एकटीलाच. मी शाळेच्या फाटकातसुद्धा पाय ठेवत नाही. जाऊ दे तिचा गोळा लांबात लांब, माझं काही म्हणणं नाही. येतो मी.

फक्त त्या टेपवाल्याला तेवढं आधी खाली उतरवा, बाई.